हिशोबपट्टीचे पान : नंतर जोडलेल्या ओळींवरील इव्हेंट (प्रकल्प नोंदी)

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आडत दुकानाच्या हिशोबपट्टीचे पान आज दुरुस्तीसाठी हाती घेतले. या पानावर शेतकऱ्याच्या मालाची एकेक नोंद म्हणजे तक्त्यातली एकेक ओळ असते. ओळीत मालाचा प्रकार, गोण्या, वजन, भाव, हमाली आणि तोलाई असे रकाने आहेत, गोण्यांच्या रकान्याशेजारी अधिक-उण्याची दोन छोटी बटणे आहेत आणि ओळीच्या शेवटी ती काढून टाकण्याचे बटण आहे. पान उघडते तेव्हा तक्त्यात एकच ओळ असते. बाकीच्या ओळी ‘नवी ओळ’ किंवा ‘मागील पट्टीवरून घ्या’ ही बटणे दाबली की येतात. तक्रार अशी की नंतर आलेल्या ओळींतली बटणे बरेचदा दाबूनही काही होत नाही, आणि कधी मात्र अधिकचे बटण एकदाच दाबले तरी गोण्या एकदम तीन-चारने वाढतात.

दोन्ही लक्षणांचे मूळ एकच निघाले. पान उघडताच चालणाऱ्या जावास्क्रिप्ट कोडमध्ये ओळींतली सगळी बटणे क्वेरीसिलेक्टरऑल या घटक शोधणाऱ्या पद्धतीने गोळा केली आहेत आणि प्रत्येकावर ॲडइव्हेंटलिसनरने क्लिकचा हँडलर, म्हणजे क्लिक हा इव्हेंट (पानावरील घटना) घडला की चालणारे फंक्शन, जोडला आहे. अशी जोडणी म्हणजे लिसनर, आणि तो क्लासच्या (घटकांच्या गटाला दिलेल्या) नावाला जोडला जात नाही. त्या क्षणी हाती असलेल्या विशिष्ट नोडला (पानावरील घटकाला) तो जोडला जातो. क्वेरीसिलेक्टरऑल जी यादी देते तीही त्या क्षणापुरतीच असते आणि पुढे ओळी वाढल्या तरी ती वाढत नाही. त्यामुळे नंतर आलेल्या बटणाचा क्लास तोच असला आणि दिसायला ते हुबेहूब तसेच असले, तरी त्याच्यावर लिसनर नसतो. क्रोमच्या कन्सोलमधील (कोड तपासण्याच्या खिडकीतील) गेटइव्हेंटलिसनर्स या फंक्शनला पहिल्या ओळीचे बटण दिले की क्लिकचा लिसनर दिसतो. ‘नवी ओळ’ने आलेल्या ओळीचे बटण दिले की काहीच मिळत नाही. क्लासवरून घटक शोधणाऱ्या गेटएलिमेंट्सबायक्लासनेमची यादी जिवंत असते आणि नव्या ओळी तिच्यात आपोआप येतात हे खरे. पण तिच्यावरून फिरणारा लूप पान उघडतानाच संपलेला असतो, म्हणून तिनेही हा प्रश्न सुटत नाही.

गोण्या तीन-चारने वाढण्याचे कारण ‘मागील पट्टीवरून घ्या’ या बटणाच्या कोडमध्ये आहे. तिथे ओळी आल्यानंतर हँडलर जोडणारे फंक्शन पुन्हा चालवले जाते, आणि ते नव्या ओळींसोबत जुन्या ओळींवरही पुन्हा हँडलर चढवते. एकाच नोडवर एकाच प्रकारच्या इव्हेंटसाठी तेच फंक्शन त्याच टप्प्यावर दुसऱ्यांदा जोडले तर ब्राउझर ती जोडणी दुर्लक्षित करतो. परंतु इथे प्रत्येक वेळी लूपच्या आत नवे निनावी फंक्शन तयार होत असल्याने ब्राउझरच्या दृष्टीने ते दरवेळी वेगळेच असते.

तिसरी गोष्ट तक्रारीत नव्हती, पण कोड वाचताना दिसली. एके ठिकाणी नवी ओळ तक्त्याच्या इनरएचटीएमएलला (आतल्या एचटीएमएल मजकुराला) अधिक-बरोबर या चिन्हाने जोडली आहे. असे केले की ब्राउझर आतला सगळा मजकूर अक्षररूपात वाचतो, त्याच्या पुढे नवी ओळ लावतो आणि संपूर्ण तक्ता नव्याने उभारतो. जुने नोड त्यांच्या लिसनरांसह नाहीसे होतात, आणि रकान्यांत टंकलेले आकडेही जातात, कारण टंकलेली किंमत एचटीएमएलच्या ॲट्रिब्यूटमध्ये (टॅगमध्ये लिहिलेल्या गुणधर्मात) उतरलेली नसते. पट्टी अर्धी भरून झालेल्या माणसाचे वजन-भाव असे पुसले जाणे मला तिन्हींतले सर्वांत गंभीर वाटते. ही ओळ आजच बदलली आणि तिच्या जागी इन्सर्टअ‍ॅडजेसंटएचटीएमएल वापरले, जे आधीच्या ओळींना हात लावत नाही.

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

आज मार्ग ठरवला. नवी ओळ तयार करतानाच फक्त तिच्या बटणांवर लिसनर जोडणे हा एक पर्याय होता. तो चुकीचा नाही, परंतु या पानावर ओळी येण्याच्या वाटा अनेक आहेत आणि प्रत्येक वाटेवर ती जोडणी आठवणीने करावी लागते. पुढे कोणी आणखी एक वाट काढली की तीच तक्रार पुन्हा येईल. म्हणून ओळींवर काहीही न जोडता त्यांना सामावणाऱ्या टिकाऊ घटकावर एकच लिसनर ठेवायचा, म्हणजेच इव्हेंट डेलिगेशन करायचे, असे ठरले.

हे शक्य होते ते बबलिंगमुळे, म्हणजे इव्हेंट आतल्या घटकावरून बाहेरच्या घटकांकडे वर चढत जाण्यामुळे. क्लिक झाला की ब्राउझर आधी दस्तऐवजाच्या मुळापासून त्या बटणापर्यंतची वाट निश्चित करतो. मग इव्हेंट त्या वाटेने वरून खाली येतो, बटणावर पोहोचतो आणि पुन्हा खालून वर चढत जातो. वेबची प्रमाणके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने नोव्हेंबर २००० मध्ये प्रमाणित केलेल्या डॉम लेव्हल २ इव्हेंट्समध्ये (डॉम म्हणजे पानावरील घटकांची वृक्षरचना) हे टप्पे नमूद आहेत. आपला लिसनर वर बसून वाट पाहतो. खालचे बटण पान उघडताना होते की क्षणापूर्वी आले, याने त्याला काही फरक पडत नाही, कारण निवड क्लिकच्या वेळी होते.

लिसनर नेमका कुठे ठेवायचा, यावर सहकाऱ्याशी बरीच चर्चा झाली. त्याचे म्हणणे डॉक्युमेंटवरच, म्हणजे संपूर्ण पानाच्या मुळावरच, ठेवावा असे होते, म्हणजे पुढे कधी विचारच करावा लागणार नाही. मला ते पटत नाही, आणि त्यामागे या क्षेत्रातला जुना अनुभव आहे. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या १.३ या आवृत्तीत २००९ साली लाइव्ह ही पद्धत आली आणि नंतर येणाऱ्या घटकांवर तिने इव्हेंट सहज हाताळता येऊ लागले. पण ती प्रत्येक हँडलर डॉक्युमेंटवर ठेवत असे. त्यामुळे मधल्या कोणत्याही घटकाने इव्हेंट अडवला तर हँडलर चालतच नसे, आणि हँडलरने स्वतः इव्हेंट थांबवायचे म्हटले तर तोपर्यंत तो शिखरावर पोहोचलेला असे. १.४.२ मध्ये डेलिगेट आले आणि जवळचा पूर्वज निवडण्याची सोय झाली, १.७ मध्ये ऑन आले आणि लाइव्ह वापरू नये असे जाहीर झाले, आणि २०१३ च्या १.९ मध्ये लाइव्ह काढून टाकण्यात आले. रिॲक्टनेही २०२० साली १७ व्या आवृत्तीत आपले लिसनर डॉक्युमेंटवरून ॲपच्या मूळ घटकावर आणले. दोन निरनिराळ्या लायब्ररी एकाच निष्कर्षाला आल्या आहेत, तेव्हा आपण वेगळी वाट धरण्याचे कारण नाही.

जवळचा टिकणारा घटक म्हणून प्रथम टीबॉडी, म्हणजे टेबलमधील ओळींना सामावणारा घटक, समोर आले. पण तारीख बदलली की सर्व्हरकडून संपूर्ण टीबॉडी नवे येते आणि जुन्याची जागा घेते, म्हणजे त्यावरचा लिसनरही जातो. ‘टिकणारा’ या शब्दाची परीक्षा कोडच्या प्रत्येक वाटेवर घ्यायला हवी, ती अशी. टेबल मात्र पान बंद होईपर्यंत तेच राहते, म्हणून लिसनर टेबलवर ठेवला.

याच पानावरील जुन्या जेक्वेरीच्या कोडविषयीही नोंद करून ठेवतो, कारण हा प्रकार बऱ्याच प्रकल्पांत दिसतो. लाइव्ह बंद झाल्यावर तिथे केवळ नाव बदलून ऑन लिहिलेले आहे, आणि समोर तोच बटणांचा सिलेक्टर (घटक निवडण्याचा नमुना) आहे. कोड कोणतीही तक्रार न करता चालतो, पण ती साधी थेट जोडणी होते. डेलिगेशन हवे असेल तर ऑन हे टेबलवर बोलवावे लागते आणि बटणाचा सिलेक्टर त्याला दुसरा अर्ग्युमेंट म्हणून द्यावा लागतो.

शेकडो लिसनरांऐवजी एक ठेवल्याने मेमरी वाचते, असे डेलिगेशनचे समर्थन नेहमी वाचायला मिळते. पट्टीत पन्नास ओळी असल्या तरी तेवढे लिसनर आजच्या ब्राउझरला जड नाहीत. खरा लाभ अचूकतेचा आहे: ओळ कुठूनही आली तरी तिचे वागणे एकसारखे राहते.

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

टेबलवरील लिसनर लिहून झाला आणि चाचणीत एक गोष्ट लगेच समोर आली. ओळ काढण्याच्या बटणात केराच्या टोपलीचे एसव्हीजी चित्र आहे. बटणाच्या कडेवर क्लिक केले की ओळ जाते, मधोमध चित्रावर क्लिक केले की जात नाही. कन्सोलमध्ये इव्हेंटचा टार्गेट छापून पाहिला, तेव्हा कडेवर बटण आले आणि मध्यभागी पाथ हा एसव्हीजीचा आतला घटक आला. टार्गेट म्हणजे बोटाखालचा किंवा बाणाखालचा सर्वांत आतला घटक, आणि करंटटार्गेट म्हणजे ज्याच्यावर लिसनर बसला आहे तो, इथे टेबल. आपल्याला हवे असलेले बटण या दोघांच्या मधे कुठेतरी असते, आणि टार्गेटचा क्लास थेट तपासला तर ते हातून निसटते.

त्यावरचा उपाय म्हणजे क्लोजेस्ट. टार्गेटवर ती पद्धत बोलावली की ती स्वतःपासून सुरुवात करून पूर्वजांत वर शोधत जाते आणि सिलेक्टरला जुळणारा पहिला घटक देते. काहीच जुळले नाही तर नल (रिकामे मूल्य) मिळते, आणि तेव्हा हँडलरने मुकाट्याने परत यायचे. क्लोजेस्ट टेबलपाशी थांबत नाही, ती त्याच्याही वर जाऊ शकते. आमचा तक्ता ज्या चौकटीत आहे तिलाही कृतीची खूण (खाली सांगितलेले ॲट्रिब्यूट) आहे, म्हणून मिळालेला घटक टेबलच्या आतच आहे ना, हे कंटेन्स वापरून पडताळले. चित्राला सीएसएसमधून पॉइंटर-इव्हेंट्स बंद करण्याची सूचनाही आली होती. तिने हे एक बटण सुधारते, पण उद्या कोणी बटणात ठळक अक्षरांचा स्पॅन (मजकुराभोवतीचा साधा घटक) घातला की तोच दोष परत येतो, म्हणून ती घेतली नाही.

बटण कोणते हे ओळखण्यासाठी क्लासऐवजी डेटा-कृती असे ॲट्रिब्यूट ठेवले आणि त्यात काढा, वाढवा, कमी करा अशा किमती ठेवल्या. क्लास हे सजावटीसाठी असतात आणि सजावट करणारी व्यक्ती ते निःशंकपणे बदलते. वागणूक त्यांच्यावर अवलंबून नसलेली बरी.

एक बारकावा पुढच्या वाचकासाठी. ओळ काढण्याआधी सर्व्हरला विचारावे लागते, त्यामुळे हँडलरमध्ये अवेट (उत्तर येईपर्यंत थांबण्याची सूचना) आहे, आणि अवेटनंतर करंटटार्गेट नल झालेला असतो, कारण इव्हेंटचा प्रवास तोवर संपलेला असतो. म्हणून टेबल आणि बटण हे दोन्ही अवेटच्या आधीच चलांत धरून ठेवले आहेत.

७ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

‘पट्टी भरताना पहिली ओळ आपोआप गायब होते’ ही तक्रार जुन्या कोडपासून होती आणि तिचा छडा आज लागला. सातव्या ओळीतील वजनाच्या रकान्यात आकडा टंकून एंटर दाबले की पहिली ओळ नाहीशी होते. हँडलरमध्ये आलेला इव्हेंट छापला, तर तो खराखुरा क्लिक होता, त्याचा टार्गेट पहिल्या ओळीचे काढण्याचे बटण होते, आणि त्याचा डीटेल (लागोपाठच्या क्लिकची संख्या) शून्य होता. माउसने एकदा क्लिक केल्यावर डीटेल एक असतो. म्हणजे क्लिक माणसाने केलेला नव्हता, तो ब्राउझरने केला होता.

फॉर्ममधील मजकुराच्या रकान्यात एंटर दाबले की ब्राउझर त्या फॉर्मचे पहिले सबमिट बटण शोधतो आणि त्याच्यावर क्लिक घडवतो. एचटीएमएलमध्ये बटणाचा टाइप लिहिला नाही तर तो सबमिट धरला जातो. आमच्या ओळींतल्या बटणांना टाइप नव्हता, आणि क्रमाने पाहिले तर पहिल्या ओळीतली बटणे खालच्या ‘जतन करा’च्या आधी येतात. अधिक-उण्याची बटणे साध्या स्पॅनची असल्याने ती या गणनेत नव्हती, आणि म्हणून हा मान ओळ काढण्याच्या बटणाला मिळत होता. ओळ क्लिकच्या वेळीच काढली गेली की ते बटण फॉर्मच्या बाहेर पडते, त्यामुळे पुढे फॉर्मही पाठवला जात नाही आणि काय घडले याचा मागमूस राहत नाही. दुकानात सातवी गोणी तोलली जात असताना पहिल्या मालाचा हिशोब असा निघून जावा, हे फार वाईट आहे.

सर्व ओळींतील बटणांना टाइप म्हणून बटण असे स्पष्ट लिहिले. अधिक-उण्याचे स्पॅनही खऱ्या बटणांत बदलले, म्हणजे कीबोर्डवरून त्यांच्यापर्यंत पोहोचता येते.

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

आता क्लिकखेरीजचे इव्हेंट. वजनाच्या रकान्यातून बाहेर पडल्यावर आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत लिहायचा आहे, आणि त्यासाठी जुन्या कोडमध्ये ब्लर वापरले होते. ते टेबलवर आणले आणि हँडलर चाललाच नाही, कारण फोकस आणि ब्लर हे इव्हेंट वर चढत नाहीत. त्यांच्या जोडीचे फोकसइन आणि फोकसआउट चढतात, म्हणून तेच घेतले. दुसरा मार्ग म्हणजे लिसनर कॅप्चर टप्प्यावर जोडणे, कारण न चढणारा इव्हेंटही खाली उतरताना पूर्वजांवरून जातोच. चित्र न मिळाल्याचा एरर, तपासणीत नापास झालेल्या रकान्याचा इन्व्हॅलिड आणि आतील घटकाचा स्क्रोल यांच्यासाठी कॅप्चरच उपयोगी पडते. माउसएंटर आणि माउसलीव्ह हेही चढत नाहीत. तिथे माउसओव्हर आणि माउसआउट घेऊन रिलेटेडटार्गेट तपासावा लागतो. इनपुट, चेंज आणि सबमिट मात्र चढतात, आणि पट्टीचे बहुतेक काम इनपुट व चेंज या दोघांवरच भागते.

‘हमाली लागू’ ही खूण करण्याची चौकट (चेकबॉक्स) क्लिकने हाताळली जात होती, आणि लेबलवर क्लिक केले की काहीच बदललेले दिसत नव्हते. लेबलवरील क्लिक टेबलपर्यंत चढतो, आणि त्यानंतर ब्राउझर चौकटीवर स्वतः एक क्लिक घडवतो, तोही चढतो. क्लोजेस्टने दोन्ही वेळा तीच खूण सापडते आणि हमाली लागू होऊन लगेच रद्द होते. इथे क्लिक हा इव्हेंटच अयोग्य आहे. चेंज एकदाच येतो आणि चौकटीची खरी स्थिती सांगतो.

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

एंटरने पुढच्या रकान्यात जाण्याची सोय कीडाउनवर टेबलमधूनच केली. शेतकऱ्याचे नाव मराठीत फोनेटिक पद्धतीने टंकले जाते, आणि अशा वेळी एंटर हा सुचवलेला शब्द पक्का करण्यासाठीही दाबला जातो. शब्द घडत असतानाच्या कीडाउनवर आयएसकंपोझिंग सत्य असते, म्हणून ते तपासून असा एंटर सोडून दिला आहे. नावांच्या सूचना इनपुटवर अवलंबून होत्या आणि अर्धवट शब्दासाठी सर्व्हरकडे विचारणा जात होती. आता शब्द पक्का झाल्यावर येणाऱ्या कंपोझिशनएंड या इव्हेंटपर्यंत थांबतो. हाही इव्हेंट वर चढतो, त्यामुळे टेबलवरील व्यवस्थेत तो सहज बसला.

१३ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

ओळीची सविस्तर माहिती दाखवणारी एक चौकट आहे, आणि तिच्या बाहेर क्लिक केले की ती मिटते. त्यासाठी डॉक्युमेंटवर वेगळा लिसनर आहे. चौकटीच्या आतली एखादी उपनोंद काढली की अख्खी चौकटच मिटत असे. क्रम असा होतो: क्लिक टेबलवर येतो, आमचा हँडलर ती उपनोंद डॉममधून काढतो, आणि इव्हेंट पुढे डॉक्युमेंटकडे जातो. नोड निघून गेला तरी प्रवास थांबत नाही, कारण वाट सुरुवातीलाच निश्चित झालेली असते. डॉक्युमेंटवरील लिसनर विचारतो, ‘टार्गेट चौकटीच्या आत आहे का?’, आणि उत्तर नाही असे येते, कारण तोपर्यंत ते बटण कुठेच नाही.

तिथे स्टॉपप्रोपगेशन लावावे असे सुचते, आणि तेवढ्यापुरते कामही भागते. पण एका घटकाने इव्हेंट अडवला की वर बसलेल्या सगळ्यांनाच तो मिळेनासा होतो, आणि डेलिगेशनवर उभ्या असलेल्या पानात ही सवय सर्वांत घातक आहे. तारीख निवडण्याच्या तयार घटकाने नेमके हेच केल्यामुळे त्याच्या रकान्यावरील आमचे क्लिक हरवत होते. म्हणून डॉक्युमेंटवरील लिसनरमध्ये कंपोझ्डपाथ वापरले. ते इव्हेंटची मूळ वाट देते, आणि चौकट त्या वाटेत आहे का एवढेच पाहायचे असते. आमच्या कोडमध्ये स्टॉपप्रोपगेशन वापरायचे असेल तर कारण टिप्पणीत लिहावे, असा नियम आज केला.

१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार

डेलिगेशनने जे होत नाही तेही नोंदवायला हवे. मालाच्या प्रकारासाठी शोध घेता येणारी यादी एका तयार लायब्ररीने बनते, आणि तिला प्रत्येक नव्या रकान्यावर एकदा उभे करावे लागते. इथे वर चढणारा कोणताही इव्हेंट नसतो, कारण काही घडलेलेच नसते. ओळ फक्त आलेली असते. डॉममधील बदल टिपणारा म्युटेशनऑब्झर्व्हर लावून टेबलवर नजर ठेवता येते. जुने म्युटेशन इव्हेंट क्रोमने २०२४ मध्ये १२७ व्या आवृत्तीत बंद केले, तेव्हा त्या जुन्या वाटेचा विचार करण्यात अर्थ नाही. पण ओळी आपणच तयार करतो, तर त्या आल्याचे कळण्यासाठी पहारा कशाला? म्हणून ओळ बनवण्याचे एकच फंक्शन ठेवले, ते टेम्प्लेटची प्रत काढते, यादी उभी करते आणि मग ओळ तक्त्यात घालते. सर्व्हरकडून आलेले टीबॉडी बसवल्यावरही त्यातल्या रकान्यांसाठी तेच यादी उभी करणारे काम बोलावले जाते. क्लोननोडने काढलेल्या प्रतीत लिसनर येत नाहीत, परंतु आता ओळींवर लिसनरच नसल्याने त्याची झळ लागत नाही.

जुन्या आयफोनवर सफारीत साध्या डिव्ह किंवा स्पॅनवरील क्लिक डॉक्युमेंटपर्यंत येत नसे, त्यासाठी त्या घटकाला कर्सर पॉइंटर द्यावा लागे. आमच्याकडे खरी बटणे आहेत आणि लिसनर टेबलवर आहे, त्यामुळे वेगळे काही करावे लागले नाही.

शेवटचे काम फोकसचे होते. ओळ काढली की तिच्यातील बटणावर असलेला फोकस हरवतो, आणि केवळ कीबोर्डवर किंवा स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्याला पानाच्या आरंभापासून पुन्हा चालत यावे लागते. म्हणून हँडलर ओळ काढण्याआधी तिची पुढची ओळ शोधून ठेवतो, पुढची नसेल तर मागची, आणि काढल्यानंतर त्या ओळीच्या काढण्याच्या बटणावर फोकस ठेवतो. तक्ता रिकामा झाला तर फोकस ‘नवी ओळ’ या बटणावर जातो.